आईची दाढ आणि घरचा हिशेब

दात गेला की आपल्या वस्त्यांमधून एकच बोलणे ऐकू येते, "वय झाले, आता जायचेच." आमची आईही तेच म्हणाली. फेब्रुवारीत तिने उजवीकडची खालची दाढ काढून घेतली, तोंडात कापूस धरून घरी आली आणि रात्री दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. आम्हा तिघा भावंडांच्या दृष्टीने तो तिथून सुरू झाला आणि पुढचे सात महिने घरात चालला. त्या सात महिन्यांत जे कळले, जे वाद झाले आणि जो खर्च झाला, तो सर्व वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावा असे वाटले, म्हणून हे चार शब्द.

गेली ती दाढ साधीसुधी नव्हती. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दातांच्या मागे पहिली पक्की दाढ येते, ती ही. भाकरी, शेंगदाणे, सागोती, सगळ्याचा भार आयुष्यभर तिच्यावर पडतो. आईची दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. रूट कॅनॉल करूनही ती वाचणार नाही असे दोन डॉक्टरांनी सांगितले, तेव्हाच ती काढली. शेजारच्या काकू धीर द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "खालची होती म्हणून बरे. वरची काढली असती तर नजर गेली असती." हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. त्यापायी कित्येक माणसे वरचा किडका दात वर्षानुवर्षे तसाच ठेवतात, पू गिळतात, गाल सुजवून कामावर जातात. दाताची शीर वेगळी आणि डोळ्याने पाहण्याची शीर वेगळी. दात काढल्याने नजर जात नाही. उतारवयात दातही हलतात आणि मोतीबिंदूही येतो. दोन्ही एकाच सुमारास होते, म्हणून लोकांनी त्यांचे नाते जोडून टाकले. कारण तपासल्याखेरीज काही मानू नये हे आपल्याला धम्माने शिकवले आहे. ते दाताच्या बाबतीतही लागू आहे, इतकेच आम्ही काकूंना सांगितले. त्यांना ते पटले असे म्हणवत नाही.

रिकाम्या जागेचे काय होते, हे मात्र आम्हालाही नवे होते. दात असतो तोवर चावण्याचा दाब जबड्याच्या हाडाला मिळतो. दात गेला की त्या जागचे हाड झिजू लागते, आणि सर्वात जास्त झिजते ते पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. मागची दाढ हळूहळू पुढे कलते. वरच्या दाढेला खालून अडवायला कोणी नसते, म्हणून ती खाली उतरते. अन्न अडकते, हिरडी सुजते. माणूस एकाच बाजूने चावू लागतो आणि मग त्या बाजूच्या दातांची पाळी येते. एक दात गेला म्हणजे एकच गेला, असा हिशेब इथे चालत नाही.

पर्याय तीन होते. पहिला, काढता-घालता येणारा एका दाताचा तुकडा, म्हणजे छोटी कवळीच. हजार-दीड हजारात काम होते, पण रात्री काढून पाण्यात ठेवायचा आणि चावताना तो हलतो. दुसरा, ब्रिज. म्हणजे मोकळ्या जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन दात चारी बाजूंनी कातून लहान करायचे आणि तीन कॅपांचा एक जोड त्यांच्यावर बसवायचा. बारा हजार सांगितले. तिसरा, इम्प्लांट. हाडातच टायटॅनियम धातूचा स्क्रू बसवायचा, तो हाडाशी जुळला की त्याच्यावर दात चढवायचा. खासगी दवाखान्यात पस्तीस हजार.

पस्तीस हजारांचा आकडा ऐकून आई हसली. तिच्या हसण्यात काय होते ते आपल्या घरांतल्या मुलांना सांगायला नको. नातवाच्या डिप्लोमाची फी जूनमध्ये भरायची होती. "त्याची फी भरा. मला आता काय लग्नाला उभे राहायचे आहे?" हा तिचा सवाल. थोरल्याचे मत ब्रिज करावा असे पडले. बहिणीने इम्प्लांटचा धरला. धाकट्याचे म्हणणे, आईला विचारा. गंमत अशी की आठ दिवस चर्चा चालली होती आणि ज्या तोंडात दात बसायचा त्या तोंडाला कोणी धड विचारलेच नव्हते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या घरात खर्चाची एक रांग असते. मुलांचे शिक्षण पहिले, हे बाबासाहेबांचे सांगणे, त्यात दुमत नाही. मग कमावत्या माणसाचे दुखणेखुपणे. मग लग्नकार्य, घराचे पत्रे, गाडीचा हप्ता. आईचे दात, आईचा चष्मा, आईचे गुडघे या रांगेत शेवटी उभे असतात, आणि ती स्वतःच त्यांना शेवटी उभे करते. आमच्या आईने अंबडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये एकोणीस वर्षे पोळ्या लाटल्या. तिच्या पोळ्या खाऊन शेकडो माणसांनी पाळ्या केल्या. त्या बाईने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी भाकरी दुधात भिजवून खावी आणि आपण त्याला वय म्हणावे, हे आम्हाला पटेना.

शेवटी विचारले तेव्हा तिने एकाच वाक्यात निकाल दिला. "एक गेला म्हणून शेजारचे दोन चांगले दात का कापायचे? त्यांनी काय केले?" डॉक्टरांनी नंतर हेच डॉक्टरी भाषेत सांगितले. शेजारचे दात आधीच किडलेले असले, त्यांना कॅप लागणारच असली, तर ब्रिज ठीक. धडधाकट असतील तर ते कातणे टाळता आले तर बरे. ब्रिजमुळे मधल्या जागचे हाड झिजायचेही थांबत नाही. आई कधी दंतशास्त्र शिकली नाही, पण तिला नेमके ते सुचले.

हा स्क्रू हाडात राहतो कसा, हे आम्ही समजून घेतले. स्वीडनमध्ये ब्रोनमार्क नावाचे शास्त्रज्ञ होते. १९५२ साली ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची छोटी नळी सशाच्या पायाच्या हाडात बसवली होती. काम झाल्यावर ती नळी निघेचना. हाड तिला घट्ट जुळून गेले होते. टायटॅनियमवर हवेने एक अगदी पातळ थर आपोआप चढतो आणि त्या थराला हाडाच्या पेशी परके मानत नाहीत. त्यांचे काम दातांचे नव्हते, पण दातांना त्याचा उपयोग होईल हे त्यांनी ताडले. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिले असे स्क्रू बसवले. लार्सन यांचा जबडा जन्मापासून सदोष होता. २००६ साली ते वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, ते त्याच आधारावरच्या दातांनी जेवले. इतर डॉक्टरांनी मात्र ब्रोनमार्क यांचे म्हणणे बरीच वर्षे मनावर घेतले नाही. १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर जगभर मान्यता मिळाली. आता दहा वर्षांनीही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट टिकतात असे अभ्यास सांगतात. तेव्हा हे श्रीमंतांचे फॅड आहे असे जे आम्हाला वाटत होते, ते तसे नाही. महाग आहे, ही गोष्ट वेगळी.

महागाईवर उपाय निघाला तो दंत महाविद्यालयाचा. नाशिकात पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो, आमचा साधारण निम्म्यात बसला. वेळ मात्र जास्त लागतो. सकाळी लवकर जायचे, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचे, एकेका टप्प्यावर प्राध्यापक येऊन पाहीपर्यंत थांबायचे. रोजंदारीवाल्याला हे खाडे परवडत नाहीत हेही खरे. आम्ही तिघांनी पाळ्या लावून घेतल्या.

पंचवटीत उतरले की काळाराम मंदिराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला, आणि दार उघडले नाही. आईला त्या देवळाचे आज काही घेणे नाही. पण आम्हाला दवाखान्याच्या बाकावर बसून दुसरीच गोष्ट आठवत होती. बाबासाहेबांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाची छोटी पुस्तिका आहे, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केलेली. तिच्यात काठेवाडातल्या एका शिक्षकाची हकीकत आहे. १९२९ साली ती पत्ररूपाने छापून आली होती. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. सवर्ण डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. मोठ्या मिनतवारीने आला तो बाईला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. थर्मामीटर त्याने आधी एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोच्या. परत आला तोही त्याच वाटेने. बाई वाचली नाही.

आणि इथे सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक डॉक्टर मुलगी आमच्या आईच्या तोंडात दोन्ही हातांची बोटे घालून पाऊण तास काम करत होती. मधूनमधून "मावशी, दुखतंय का? हात वर करा हं," म्हणत होती. तिची जात आम्हाला ठाऊक नाही, तिने आमची विचारली नाही. आईने मात्र तिचे गाव विचारले, कोणी शिकवले विचारले, आणि तोंड बधीर असताना जितके बोलता येईल तितके बोलून घेतले. हे सहज घडत नाही. ते घडावे म्हणून माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. सगळीकडे असेच घडते असेही आम्ही म्हणणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे सांगतो, कारण भीती तिथेच असते. दाढ काढल्यावर तीन महिने जखम भरू दिली. काही वेळा दात काढल्याबरोबर त्याच बैठकीत स्क्रू बसवतात, पण ते हाड आणि जखम पाहून डॉक्टर ठरवतात. बुद्धपौर्णिमेनंतर बोलावले. आधी जबड्याचा स्कॅन काढला. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून ओठाला संवेदना देणारी शीर जाते, तिच्यापासून स्क्रू किती दूर राहील ते त्यात मोजतात. रक्त तपासले, तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिली. आईला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. साखर आटोक्यात असेल तर इम्प्लांट करता येते, नसेल तर आधी ती आटोक्यात आणा, असे स्वच्छ सांगितले. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही बायकांना गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतात. ती असतील तर न विसरता सांगावीत, कारण त्यांच्यामुळे जबड्याचे हाड भरून यायला अडचण येऊ शकते.

भूल फक्त त्या जागेपुरती. दाढ काढताना देतात तीच. हिरडी थोडी उघडून हाडात बारीक भोक पाडतात आणि ते टप्प्याटप्प्याने मोठे करतात. त्या वेळी सारखे थंड सलाईन सोडत राहतात. हाड सत्तेचाळीस अंशांवर मिनिटभर जरी तापले तरी तिथल्या पेशी मरतात आणि मग स्क्रू जुळत नाही, म्हणून ही काळजी. स्क्रू शेंगदाण्याहून लहान असतो. टाके घातले, बर्फ लावायला सांगितला, दोन दिवस गाल सुजला. आईचे मत विचाराल तर दाढ काढतानाच जास्त त्रास झाला होता.

खरी अडचण पुढे आली, आणि ती होती मिसरीची. आईने मिसरी कधी लावली नाही, पण आमच्या मावशीने लावली आणि त्याच दिवसांत तीही चौकशीला महाविद्यालयात आली होती. तिला सांगितले, आधी मिसरी सोडा, मग बोलू. मिसरी, तंबाखू, गुटखा, विडी यांनी हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, हाड धरत नाही. इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण तंबाखू वापरणाऱ्यांत स्पष्टपणे जास्त आहे. तोंडाच्या कर्करोगाचे तर बोलायलाच नको. मिसरीने दात घट्ट होतात हा समज आपल्या बायकांत इतका रुजलेला आहे, की त्याच्यावर कुणीतरी विहारात स्वतंत्र व्याख्यान ठेवले पाहिजे. मिसरीने हिरडी बधिर होते, म्हणून दुखणे कळत नाही, एवढेच. मावशीने दोन महिने सोडली आणि पुन्हा धरली. सध्या ती पुन्हा सोडण्याच्या बेतात आहे.

स्क्रू बसल्यावर आणखी तीन महिने थांबायचे होते. वरच्या जबड्याचे हाड पोकळ, मऊ असते, तिथे याहून जास्त थांबावे लागते. या काळात आई तोंडाची निगा इतकी राखू लागली की नातवंडे थट्टा करत. नाशिककरांना दात म्हटले की बिटकोची काळी टूथ पावडर आठवते आणि आईचा हात चाळीस वर्षे तिच्याच डबीत गेला होता. आता मऊ ब्रश आला, फटीत फिरवायचा बारीक ब्रश आला. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला तेव्हा विहारात भन्तेजींशी सहज विषय निघाला. त्यांनी सांगितले, विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दातवणाचा प्रसंग आहे. दातवण न चघळल्याने भिक्खूंच्या तोंडाला वास येऊ लागला, तेव्हा तथागतांनी त्याला परवानगी दिली आणि त्याचे पाच फायदे सांगितले. तोंडाला वास येत नाही, चव नीट कळते, अन्न गोड लागते, असे अगदी व्यवहारी फायदे. पुढे काही दांडगट भिक्खू लांबलचक दातवणे वापरू लागले आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले. म्हणून आठ बोटांहून लांब नको, असा नियम झाला. मग एकाने फारच आखूड घेतले आणि ते घशात अडकले. म्हणून चार बोटांहून आखूडही नको. आई हे ऐकून इतकी हसली की बाजूच्या बायका पाहू लागल्या. प्रव्रज्या घेताना केस, नखे, दात, त्वचा यांचे अनित्यपण मनात धरायला शिकवतात, हेही भन्तेजींनी सांगितले. अनित्य असले तरी घासायचे, असा अर्थ आईने काढला.

सगळ्यांनी इम्प्लांटच करावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पैसे व्याजाने काढून तर अजिबात करू नये. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत अपघात सोडून दातांचा खर्च सहसा मिळत नाही, तेव्हा हा पैसा खिशातूनच जातो. सगळेच दात गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी चांगली बनवलेली कवळी पुष्कळ काम देते. १ एप्रिल २०१७ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. साठ वर्षांवरील दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना, पुढे पंधरा हजारांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्यांनाही, तिच्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांच्याबरोबर कवळीही मोफत मिळते. तिची शिबिरे लागतात तेव्हा काठी आणि चष्म्याची रांग मोठी असते, कवळीची कोणी मागणीच करत नाही. मागावी. खालची कवळी फार हलते ही सर्वांची तक्रार. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले, की खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट बसवून त्यांच्यावर कवळी अडकवली तरी ती घट्ट राहते. सगळे दात स्क्रूचे करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

बाजारात पथारीवर बरण्यांत दात मांडून बसणाऱ्यांकडून मात्र बसवून घेऊ नये. ते प्लास्टिकचा मसाला ओला असतानाच शेजारच्या दातांना चिकटवतात. तो निघत नाही, खाली घाण कुजते आणि एका दातापायी तीन जातात. दुसऱ्या टोकाला 'तीन दिवसांत सगळे दात, जन्माची गॅरंटी' अशा जाहिराती आहेत. जन्माची गॅरंटी नैसर्गिक दातालाही नसते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईच्या स्क्रूवर कॅप बसली. पहिले पंधरा दिवस मऊ खा असे सांगितले होते, ते तिने आठ दिवस पाळले. या दाताला कीड लागत नाही. पण भोवतालची हिरडी सुजू शकते आणि दुर्लक्ष झाले तर हाड झिजून स्क्रू सैल होतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचे आहे. सुपारी बंद. निघताना डॉक्टरबाईंनी एक छोटे कार्ड दिले. त्याच्यावर स्क्रूच्या कंपनीचे नाव, जाडी आणि लांबी मिलिमीटरमध्ये, नंबर आणि तारीख लिहिली आहे. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरला काम करावे लागले तर त्याच मापाचे सुटे भाग लागतात, म्हणून ते जपून ठेवायचे. कुठे करून घेणार असाल तर हे कार्ड मागून घ्या, न मागता देतीलच असे नाही. आईने ते रेशनकार्ड आणि कँटीनच्या ग्रॅच्युइटीच्या कागदाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे, आणि किल्ली तिच्याकडे आहे.